पेगन म्हणजे गावचा
रद्दीच्या दुकानात जुन्या इंग्रजी शब्दकोशाचा कुबट वास आला आणि नाशिकच्या कॉलेजातला नव्वदच्या दशकातला एक तास आठवला. पेठकडच्या डोंगरातून आलेल्या एका मुलीने निबंधात घरच्या वाघदेवाबद्दल लिहिलं होतं. लाकडी फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, पुढे नारळ. इंग्रजीच्या सरांनी तो कागद दोन बोटांत धरून मोठ्याने वाचला. नाक मुरडून म्हणाले, "पेगन! रानटी देवांना भजणारी माणसं." वर्ग खिदळला. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन तिने जाडजूड कोश उघडला. दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच ती उभी राहिली. "सर, पेगन शब्द लॅटिनमधला हाय. मूळ अर्थ खेड्यात राहणारा. रानटी देवाचा अर्थ मागून चिकटवला. मग मी तर हायेच पेगन. पण तुम्ही बी विंचूर गावचेच ना?" सर स्वतःला पुण्याचे म्हणवत. त्यांचा चेहरा उतरला आणि ते "बस खाली" म्हणाले. स्वतःच्या गावाची लाज वाटणारा माणूस दुसऱ्याच्या देवाला हसत होता! त्याची मला आजही कीव येत नाही, किळस येते. ती किळस माझ्याही वाट्याला येते, कारण आदल्या दिवशी वर्गात सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो होतो.