केरकर मॅडमनी बदललेला नियम

डॉ. शालिनी केरकर यांची आणि माझी पहिली भेट घाटकोपरच्या आमच्या रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात झाली. मी नवखा डॉक्टर होतो. एका रुग्णाची माहिती देताना मी म्हणालो, "न्यूमोनिया, सोबत मधुमेह." मॅडम थांबल्या. "सोबत नाही. न्यूमोनिया बरा होणार की नाही, हे मधुमेहही ठरवणार आहे." जंतुसंसर्ग, मूत्रपिंड, न भरणाऱ्या जखमा या सगळ्यांत मधुमेहाचा हात कसा असतो, हे मी पुढे त्यांच्याच हाताखाली शिकलो.

त्या काळी प्रत्येक रुग्णाची साखर निरोगी माणसाइतकी ठेवण्यावर मॅडमचा कटाक्ष असे. तेव्हा चेंबूरचे परबकाका हे मधुमेही रुग्ण व्हेंटिलेटरवर होते. न्यूमोनिया उतरत होता, इन्शुलिन चालू होतं, आणि एका दुपारी त्यांना झटके आले. आम्हाला मेंदूत संसर्ग पोचल्याची शंका आली. मॅडमनी आधी साखर तपासायला लावली. ती धोक्याच्या पातळीखाली गेली होती. ग्लुकोज दिल्यावर झटके थांबले, पण काका शुद्धीवर येईनात.

मॅडम स्वतः बाहेर गेल्या. परबकाकू आणि त्यांचा मुलगा बाकावर बसले होते. मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या आणि साखर कशी उतरली, झटके का आले, ते त्यांनी सांगितलं. "मेंदूला इजा झाली आहे का, ते आत्ता सांगता येत नाही," असंही म्हणाल्या.

"मग चूक कोणाची?" मुलाने आवाज चढवला.

"माझी. इन्शुलिन नियमाप्रमाणेच दिलं गेलं. नियम मी घातला होता, तो फार कडक होता."

 काकू म्हणाल्या, "वाढली तरी धोका, उतरली तरी धोका. मग मी देवाकडे मागू तरी काय?"

"मधली मागा, काकू. आम्हीही आता तीच धरून चालू."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला मॅडमनी सर्वांसमोर नियम बदलला. साखर थोडी वर राहिली तरी चालेल, तपासणी मात्र वरचेवर. आणि नळीतून दिलं जाणारं अन्न थांबलं की साखर झपाट्याने उतरते, म्हणून तेव्हा इन्शुलिनचा फेरविचार लगेच. एका वरिष्ठांनी नाराजीने विचारलं, "नातेवाइकांना सांगायची काय गरज होती?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माणूस त्यांच्याच घरी परत जाणार आहे. साखर उतरली की काय होतं, हे त्यांना कळायला नको?"

त्याच संध्याकाळी परबकाकांनी काकूंचा हात दाबला. पुढे ते चालत घरी गेले, पण माणसांची नावं आठवायला त्यांना बरेच दिवस जड जाई. मॅडम सुट्टीच्या दिवशी चेंबूरला त्यांच्याकडे जात. घाम सुटला, हात थरथरले, बोलणं भरकटलं तर काय करायचं, हे त्यांनी काकूंना पुन्हा पुन्हा समजावलं. आवाज चढवणारा तो मुलगा हल्ली स्वतःची साखर तपासून घ्यायला मॅडमकडेच येतो.

मॅडम, आज आपण साठ वर्षांच्या झालात. आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, असं आम्हां शिष्यांना मनापासून वाटतं. त्यात आमचा स्वार्थही आहे. समोरचा रुग्ण हाताबाहेर जातोय असं वाटलं की आमचा पहिला फोन अजूनही आपल्यालाच जातो.