कपाटासमोरची खुर्ची

"जरा इकडं सरक, माय."

एवढं म्हणून काकू पाहुण्याच्या गुडघ्याला दोन बोटं लावायच्या आणि त्याला हातभर बाजूला करायच्या. चहापाणी नंतर, खुशाली नंतर, आधी हे. पाहुणा नात्यातला असो की गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस असो, काकू खुर्चीत बसलेल्या असताना काचेच्या कपाटासमोर कुणी यायचं नाही.

तुम्हीही अशा घरात गेला असाल. शोकेसपुढं उभं करून एकेक वस्तू कुठून आली ते सांगतात आणि तुमचा चहा निवतो. मलाही आधी काकू त्यातल्याच वाटल्या. हिंगोलीत कॉलेज करताना मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मी शिरड शहापूरची. आमच्या घरात दाखवायला ठेवावं असं काही नव्हतं आणि ठेवायला कपाटही नव्हतं, कपडे दोरीवर असायचे. घराण्यात कॉलेजला गेलेली मी पहिली. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते.

कपाट मात्र बघण्यासारखं होतं. सागवानी, माणसापेक्षा उंच, वर कोरलेली वेल. हिंगोलीत पूर्वी पलटणीची छावणी होती. तिथल्या कुठल्या साहेबाच्या बंगल्याचं सामान विकलं गेलं तेव्हा काकूंच्या आजेसासऱ्यांनी ते बैलगाडीत घालून आणलं, असं घरात सांगायचे. आत अत्तराच्या रिकाम्या कुप्या, गुलाबदाणी, बशी हरवलेला निळा कप, कान तुटलेला चिनीमातीचा कुत्रा. बिदरीची एक सुरई, काळ्या अंगावर चांदीची फुलं असलेली. काच जुन्या काळची, लहरींची. समोरून कुणी गेलं की पाण्यातून चालल्यासारखं दिसायचं.

मधला खण रिकामा होता. त्याच्या पाठीला काळं मखमली कापड. ते काकांनी आणलेलं, काळ्यावर बिदरी उठून दिसेल म्हणून. पण थोड्याच दिवसांत सुरई त्यांनीच उचलून वरच्या खणात ठेवली आणि कापड तसंच राहिलं. काकू म्हणायच्या, "त्यांचं डोकं असंच हाय. एक काम धड पुरं करत न्हाईत."

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. कमी बोलायचे, आणि बोलले ते हुकमासारखं. रोज सकाळी कालचा पेपर ओला करून ते कपाटाची काच पुसायचे. घरातलं दुसरं कुठलंही काम त्यांनी केलेलं मी पाहिलं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात लागायचा.

पोरीची गोष्ट मला गल्लीनं सांगितली. एकुलती एक. मी राहायला येण्याच्या आधीच तिनं जातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं होतं. काकांनी सांगून टाकलं, तिचं नाव या घरात निघणार नाही, तिला कुणी बोलावणार नाही. काकू तोवर दारात खुर्ची टाकून बसायच्या, भाजी निवडत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. पोरगी गेल्यावर भाजी निवडणं सुटलं आणि नुसतं रस्त्याकडं बघणं सुरू झालं. एक दिवस काका म्हणाले, या घरातून कुणी रस्त्याकडं डोळे लावून बसायचं नाही. त्यांनी खुर्ची उचलून आत आणली आणि दाराकडं पाठ करून ठेवली. तोंड कपाटाकडं. काकू तिथं बसल्या त्या बसल्याच. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, लेकीची माया कपाटावर लावली बाईनं.

एकदा जुनं फर्निचर विकत घेणारा एक जण नांदेडहून आला. शहरातल्या लोकांना आता अशी कपाटं दिवाणखान्यात लागतात, म्हणाला. काकांनी विकायचं नाही म्हटल्यावर त्यानं निदान काच तरी बदलून देतो, नवी सपाट चकचकीत टाकतो, असं सुरू केलं.

"काच हाय ती बराबर हाय," काका म्हणाले आणि उठून आत गेले.

तो बिचारा कपाटासमोरच उभा. काकू त्याला म्हणाल्या, "इकायचं न्हाई म्हनले ना ते? मंग आता समोरून तर सरक."

मी हसले होते. तेव्हा मला हसायला येत होतं.

माझा पदवीचा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन आले. ऊन उतरलेलं, पाठीमागून उजेड. मी उंबऱ्यात थांबून चपला काढत होते. काकू खुर्चीत, माझ्याकडं पाठ. मी काही बोलायच्या आत त्या उठल्या. वळल्या नाहीत. कपाटाकडंच बघत म्हणाल्या,

"आलीस?"

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग परत, हळू, "आलीस व्हय गं?"

मी पुढं झाले आणि मला दिसलं. मधल्या खणात, काळ्या कापडापुढच्या काचेत अख्खं दार उभं होतं. दार, ओटा, फाटक, रस्त्याचा तुकडा. आणि दारात एक पोरगी, लहरींमुळं चेहरा नीट न दिसणारी. ती मी होते.

काकू वळल्या. माझ्याकडं बघितलं. पेढ्याचा पुडा हातातून घेतला, देवापुढं ठेवला, माझ्या तोंडात एक पेढा घातला आणि म्हणाल्या, "लई नाव काढलंस माय." माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि त्या दारात मी दुसऱ्याच कुणाच्या तरी जागी उभी होते.

नंतर मी त्यांना एकटं गाठून विचारलं, ताईंचा नंबर काढू का? आजकाल कुणीही सापडतं. त्यांनी मान हलवली.

"म्या बोलवलं तर त्यांचा शबूद मोडतो. ती आपल्या पायानं आली तर कुनाचाच मोडत न्हाई." मग म्हणाल्या, "त्यांना म्हाईत न्हाई म्या काय बघते ते. सांगू नको."

पदवीचा काळा झगा घातलेला माझा फोटो आला तेव्हा त्यांनी तो कपाटात ठेवायला मागितला. मधला खण उघडला आणि म्हणाल्या, ठेव इथं. मी म्हटलं, "इथं नको काकू. बाजूला ठेवा." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि फोटो कुत्र्याशेजारी ठेवला.

मग मला वाशिमला नोकरी लागली. कनेरगाव नाक्यावरून गाडी पुढं गेली की हिंगोली मागं पडते, आणि माणसंही पडतात. काकू गेल्याचं कळलं ते मातीला दोन दिवस होऊन गेल्यावर. लेकीला कळवायचं ठरलं होतं म्हणे. कुण्या नातलगाकडं जुना नंबर होता, तो बंद लागला.

मी भेटायला गेले तेव्हा दार उघडंच होतं. काका काकूंच्या खुर्चीत बसलेले, दाराकडं पाठ. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि त्यांची मान ताठ झाली. वळले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "तू हायेस व्हय. ये."

मी समोर बसले. काच पुसलेली होती. माझा फोटो कुत्र्याशेजारी तसाच. मधला खण रिकामा. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, काका, हे कापड किती वर्षांचं झालं, बदलायला हवं.

काकांनी काचेवरची नजर काढली नाही.

"ते काढायचं न्हाई," म्हणाले. "कापडाबिगर नुस्ता उजेड दिसतो. मानूस वळखू येत न्हाई. म्या हितं खुर्चीत बसून बघितलं व्हतं, मंगच लावलं."

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"तिला वाटायचं, मला म्हाईत न्हाई."

बाहेर रस्त्यावर कुणाच्या तरी चपला वाजल्या. फाटकापाशी थांबल्यासारख्या वाटल्या. काकांनी पुढं वाकून माझ्या गुडघ्याला दोन बोटं लावली.

"जरा इकडं सरक, माय."

मी सरकले आणि त्यांच्यासारखंच कपाटाकडं तोंड करून बसले. दार आमच्या पाठीमागं उघडं होतं. आम्ही दोघं काचेत बघत बसलो.