समाईक कपाट आणि सासूबाईंचं पातेलं

जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच आहोत. रविवारी दुपारी एका जर्मन चर्चच्या तळघरातला हॉल आम्हाला मिळतो. तिथे मराठीत उपासना होते, मग प्रीतिभोजन, आणि मग खुर्च्या कुणी उचलायच्या यावरून थोडी धुसफूस. आम्हाला पाळक नाही, त्यामुळे बायबलमधल्या वचनावर आळीपाळीने बोलावं लागतं.

माझी पाळी आली तेव्हा मी यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीवर बोललो. ते लोक एकदिलाने राहत, आपल्या वस्तूला कुणी आपली म्हणत नसे, आणि कुणाला काही कमी पडत नसे. बोलता बोलता मला गहिवरून आलं. मला ते लवकर येतं. त्या भरात मी सुचवलं की कोपऱ्यातलं रिकामं कपाट समाईक करू. ज्याच्याकडे आहे त्याने ठेवावं, ज्याला गरज आहे त्याने न्यावं, आणि ‘माझं’ हा शब्द तिथे कुणी काढू नये. सगळे आमेन म्हणाले.

पुढच्या रविवारी कपाट भरलं, पण रॅकलेटच्या शेगड्यांनी. चीज वितळवायची ही शेगडी इथे नाताळात कुणीतरी भेट देतंच, आणि आमच्यातलं कुणीही ती दुसऱ्यांदा वापरत नाही. मला फार अपराधी वाटलं. एवढं बोलून मंडळीला मी शेगड्यांवर आणलं होतं. मग एका रविवारी बायको हॉस्पिटलात सकाळच्या ड्यूटीला गेलेली असताना मी घरातल्या खरोखर चांगल्या वस्तू उचलल्या आणि दुपारी कपाटात नेऊन ठेवल्या. एक गोधडी, मुलीची बर्फातली घसरगाडी, आणि स्टीलचं जाड बुडाचं मोठं पातेलं. हे पातेलं सासूबाईंनी स्वतःच्या बॅगेतल्या साड्या काढून, नगरहून इथवर आणलं होतं. कडेला त्यांचं नाव घातलं होतं, पुढे ‘यांजकडून सप्रेम भेट’.

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात जाऊन रिकामी फळी बघून आली.

“अहो, आई पुढच्या महिन्यात येतेय,” ती म्हणाली. “आल्या आल्या ती आधी स्वयंपाकघरात जाते. पातेलं तेवढं परत आणा.”

मला वाटलं, त्यात काय, रविवारी उचलून आणू. पण तोवर पातेलं पीएचडी करणाऱ्या एका मुलीने नेलं होतं. ते तिने परत आणलं ते सांज्याने भरून. घेतलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडे सगळ्यांच्याच हाडात मुरलेलं. सांजा संपला तसं दुसऱ्या घरच्या बाईंनी ते घासून पिशवीत घातलं आणि पुढच्या रविवारी मसालेभाताने भरून आणलं. त्यानंतर शेवयांची खीर. पातेलं कपाटात कधी पोचायचंच नाही. आम्ही सगळे मात्र पूर्वीपेक्षा चांगलं जेवत होतो, आणि जेवणानंतरही रेंगाळत होतो.

एका रविवारी ते पुन्हा त्याच मुलीकडे जायला निघालं. मी तिला दारात गाठलं आणि पातेल्याचा कान धरला.

“काका, तुम्हाला न्यायचंय का?”

“नाही, नाही. गरज अशी नाही.”

“मग धरून का ठेवलंय?”

मी कान सोडला. ‘माझं आहे’ म्हणायची सोय मीच घालवली होती. शिवाय ते माझं नव्हतंच.

सासूबाई आल्या. हातपाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

“पातेलं कुठंय गं?”

“अहो, तुम्हीच सांगा,” बायको म्हणाली.

मी पहिल्या मंडळीपासून सुरुवात केली. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “रविवारी बघू,” म्हणाल्या. मला त्या आठवड्यात ऑफिसातही नीट बसवलं नाही.

रविवारी पातेलं वरणाने भरून आलं. सासूबाईंनी चष्मा लावून कडेवरचं नाव वाचलं. त्या काही बोलणार एवढ्यात ती मुलगी धावत आली.

“आजी, म्हणजे हे तुम्ही दिलंत? आम्ही सगळे विचारत होतो या कोण म्हणून. थँक्यू हं. कपाटात कामाचं असं हेच एक आहे.”

बाकीचेही भोवती जमले. कुणी हात हातात घेतला, कुणी आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीने सलाम केला. सासूबाईंचा सगळा आवेश जागीच विरला. त्यांनी डाव फिरवून वरण चाखलं.

“मीठ कमी पडलंय,” म्हणाल्या. “पण पातेलं चांगलं घासता तुम्ही. राहू दे इथंच.”

मी सुस्कारा टाकला. तेवढ्यात त्या कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“जावईबापू, यातलं तुमचं काय?”

मी आत पाहिलं. गोधडी बायकोची. “उंड डेअर श्लिटन इस्ट माइनर,” माझ्या मुलीने मागून घसरगाडीवर हक्क सांगितला. पहिल्या मंडळीत एक जोडपं होतं, त्यांनी स्वतःची जमीन विकून आलेले काही पैसे लपवले आणि त्याची त्यांना भयंकर शिक्षा झाली. मी दुसऱ्यांचं सगळं दिलं होतं आणि गहिवरलो होतो.

“अजून काही नाही, आई,” मी म्हणालो.

घरात अगदी माझी अशी एकच वस्तू आहे, इटालियन कॉफी मशीन. तिला हात लावायची मुलीलाही परवानगी नाही. पुढच्या रविवारी मी ती मांडीवर घेऊन ट्राममध्ये बसलो. शेजारी सासूबाई होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी पर्समधून श्रीखंडाची गोळी काढून माझ्या तोंडात घातली, कारण माझे दोन्ही हात मशीनखाली अडकले होते.

“जड आहे का हो?”

“आहे, आई.”

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या, आणि खिडकीतून बाहेर बघू लागल्या.