पेंटरकाकांचा खडू

रंगाचा डबा उघडण्याआधी संगणक उघडणारा पेंटर आमच्या हिंगणघाटात एकच होता. आम्ही त्यांना पेंटरकाका म्हणायचो. पाटी रंगवायला गेलं, की ते आधी खडूनं नाव लिहून देत आणि आठ दिवस थांबायला लावत. तेवढ्यात ट्रेडमार्कच्या नोंदी चाळत, अगदी सारख्या उच्चाराची नावंसुद्धा. घाईतलं गिऱ्हाईक वैतागायचं. काका शांतपणे म्हणायचे, "खडू हातानं पुसता येते. रंग पुसाले मले बोलावू नोको."

त्यामागे जुनं दुखणं होतं. एका जिवलग मित्राच्या फरसाणाच्या दुकानाची पाटी त्यांनी हौसेनं रंगवली होती. वर्षभरात नोटीस आली. नाव भलत्याचंच निघालं. काकांनाच त्या पाटीवर पांढरा रंग फिरवावा लागला. मित्र नंतर त्यांच्याशी फारसं बोलला नाही.

मी बाळांच्या दुपट्यांचा धंदा काढला तेव्हा नाव ठरलेलंच होतं: 'सुमन', माझ्या आईचं. दुसरं काही मला नकोच होतं.

"माल कुठं कुठं जाईन?" काकांनी विचारलं.

नणंद जर्मनीत विकणार आहे, असं मी जरा ऐटीतच सांगितलं.

"मंग तिथलंही पाहा लागते," म्हणत त्यांनी चष्मा चढवला.

जर्मनीपर्यंत जायची वेळच आली नाही. कापडी वस्तूंच्या वर्गात 'सुमन' इथंच कुणीतरी नोंदवून ठेवलं होतं. मी तिथंच रडायला लागले. काकांनी चहा मागवला. "माय तुयीच राहीन. फक्त पाटीवर नाई लावता येत," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "सुमन तं लग्नातलं नाव असन. माहेरचं काय?"

मला सांगायची लाज वाटली. आईच्या आधीची दोन भावंडं दगावली होती. ही तरी जगावी म्हणून आजीनं तिला शेजारणीला एका कवडीला विकलं, परत घेतलं आणि नाव ठेवलं कवडाबाई. आई ते नाव कधी तोंडातून काढत नसे.

काकांनी इथल्या, जर्मनीतल्या आणि जगभरच्या नोंदी धुंडाळल्या. मग स्वतः घरी येऊन आईसमोर बसले. "बाई, सारं जग पाह्यलं. तुमचं नाव कोनाजवळच नाई."

आई पदराशी चाळा करत राहिली. "त्या नावानं पोरी हासत माह्यावर," ती म्हणाली.

"तुम्ही नाई म्हनाल तं नाई लिहीत."

मग पदर सोडून आई म्हणाली, "खडूनं लिहा."

ते आठ दिवस आई काही ना काही निमित्तानं पाटीसमोरून जायची. नवव्या दिवशी सकाळीच तिनं विचारलं, "पेंटर काऊन नाई आले अजून?"

काका गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांची फार आठवण येते. कुणी धंद्याचं नाव सांगितलं, की "शोधून पाहिलं का?" असं माझ्याच तोंडून निघतं.

पाटीचा रंग आता उडालाय. परवा मी बोलावलेला एक जण फ्लेक्सची नवी पाटी लावायला शिडी घेऊन आला. आई दारात आडवी उभी राहिली.

"काऊन काढतो?" ती म्हणाली. "माह्यं नाव हाय थे."