कारखान्याखालचं बिऱ्हाड

नदीकाठ ढासळू नये म्हणून कोणी भिंत बांधायची म्हटली, की मासे, झाडं, पाखरं यांचं काय होणार ते माझी आत्या आधी जाऊन पाहते. तिचा शेरा पडल्याशिवाय दगड हलत नाही. कंत्राटदार तिला पाठीमागे ‘थांबाबाई’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. तिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही, असा माझा दाट संशय आहे.

तिचं घर म्हणजे नुसता आरसा. चपला दाराबाहेर, आणि पाहुण्यांनी शक्यतो खुर्चीच्या कडेवर बसावं. माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, अगदी उलटे. ते सुतार. त्यांचा खुर्च्या-टेबलांचा कारखाना नदीच्या काठावर, आणि नदी दरवर्षी त्याच्या मागच्या दाराकडे सरकत आलेली. लाकडं वाळवायची शेड तिने केव्हाच गिळली होती. तिथे भिंत मंजूर झाली तेव्हा बाबा हरखले. तपासणी करणार कोण, तर सख्खी बहीण! आत्या तिच्या साहेबांना म्हणाली होती, “भावाची जागा आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या.” साहेब हसतच सुटले. “तुम्ही आणि ढिलाई कराल? मला तर तुमच्या भावाचीच कीव येते.”

बहीण पाहणीला येणार म्हणून बाबांनी काठाची डागडुजी काढली. वरच्या वळणावर मातीत खूप बिळं होती. उंदरांचीच असणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. फट दिसली की सुताराचे हात शिवशिवतात. भुसा, माती आणि सरस कालवून त्यांनी एकूण एक बीळ बुजवलं, वरून थापीने गुळगुळीत केलं आणि कौतुकाची वाट पाहत बसले.

बिळं पाकोळ्यांची होती, काठाच्या मातीत घरटी करणाऱ्या चिमुकल्या पाखरांची. नशीब, त्या नुकत्याच परतत होत्या आणि आत अंडी नव्हती, नाहीतर बहीणभावाचं बोलणं जन्माचं तुटलं असतं. बिचाऱ्या थोडे दिवस घिरट्या घालत राहिल्या आणि मग त्यांनी थेट बाबांच्या कारखान्याखालच्या काठात नवी बिळं कोरून बिऱ्हाड थाटलं. पाहणी लांबली. आत्या आली तेव्हा बिळाबिळांतून चोची डोकावत होत्या.

शेरा आला: तळाला दगड, वर गवत आणि झाडं, काम लगेच सुरू करा. कारखान्याखालचा तुकडा मात्र पिल्लं उडेपर्यंत सोडा.

“बहीण आहेस की वैरीण?” बाबा कडाडले. “पाणी चढलं तर कारखाना जाईल माझा!”

“वरच्या वळणावर सुखाने राहत होत्या त्या, दादा. इथे कोणी धाडलं त्यांना?”

बाबांनी नुसताच आवाज आणखी चढवला.

पुढच्या सुट्टीला आत्या टेम्पो घेऊन दारात हजर. “सामान उचल. तुझा कारखाना माझ्या घरी हलवू.” आणि खरंच, तिच्या त्या आरशासारख्या दिवाणखान्यात करवत घरघरायला लागली. चहावर भुसा, सोफ्यावर भुसा. ती दिवसभर करवादायची, झाडू फिरवायची, पण बाबांना एकदाही ‘पुरे’ म्हणाली नाही. मला ती इतकी कधीच आवडली नव्हती.

मग एका सकाळी पाणी चढलं. आम्ही तिघं काठावर धावलो. मागच्या दाराची पायरी आमच्यादेखत नदीत गेली.

“कारखाना गेला तर तुला तोंड कसं दाखवू रे, दादा?” आत्या रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

बाबा वाकून खाली बघत होते. “पिल्लं राहिलीत का गं आत?”

तिने डोळे पुसून दुर्बीण लावली. एकेक बीळ तपासलं. “नाही. सगळी उडाली.”

“मग रडतेस काय? कारखाना पुन्हा उभा करता येईल. पण पिल्लं आत असताना माझ्यापायी तू शेरा बदलला असतास, तर ते मला बघवलं नसतं. लाव आता कंत्राटदाराला फोन!”

दगडांचे ट्रक आले. आत्या चिखलात उभी राहून एकेका दगडासाठी ओरडत होती, “डावीकडे! अजून डावीकडे!” दुपारी माती ढासळायची थांबली. कारखाना जागच्या जागी उभा होता. एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, “या बाई कोण हो?”

“सांगते तसं टाक,” बाबा म्हणाले. “माझी बहीण आहे ती.”