माझं राज्य गेलं त्याचा कागद

दोन हजार सोळा साल. मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि ओमानात, मस्कतजवळच्या अल खौदमधल्या एका घरात चार माणसांवर माझं राज्य होतं. स्वयंपाकघराचं. ते ज्याने उलथवलं त्या माणसाबद्दल लिहितोय. लिहिताना अजून हसू फुटतं, म्हणून अक्षर हलेल. एरवी माझं अक्षर हलत नाही. शाळा चौथीपर्यंत, पण दारावरच्या लाकडी पाट्या कोरून हात बसलेला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळा घोळ त्या अक्षरानेच केला.

तो शाळेच्या बसचा डायवर. श्रीवर्धनकडचा. बोलताना दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग धरायचा. म्हणणं पटलं की हात सरळ, नाही पटलं की उजवा पाय जमिनीवर दाबून ब्रेक मारायचा आणि म्हणायचा, "कारण बोला मेस्त्री, कारण!" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कारण दिलं की गप्प बसतात, पण द्यावंच लागतं.

मी कारण देणाऱ्यातला नव्हतो. आमच्या घरात मी सुतार म्हणून मेस्त्री, हा डायवर, एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन आणि एक किराणा दुकानात कामाला असलेला. चौदा वर्षं रांधलं मी. काय रांधायचं ते मी ठरवायचो, कुणाला किती वाढायचं तेही मीच. फ्रिजला कुलूप आणि किल्ली माझ्या करगोट्याला. गावी सून म्हणायची, "बाबा, तुम्ही बाहेर बसा." इथे मला बाहेर बसवणारं कुणी नव्हतं.

एक दिवस डायवर बसमधून काहीतरी ऐकून आला. मोठ्या वर्गातली एक मुलगी रोज मागे बसून इतिहासाचा धडा घोकायची. इथल्या मराठी पोरांचं इंग्रजी फाडफाड, मराठी अडखळत. याने सिग्नलला तिला विचारलं, काय गं वाचतेस? ती म्हणाली, "अंकल, किंग त्यांचं ऐकतच नव्हता ना, सो दे मेड अ लिस्ट."

झालं. आठवडाभर हा त्या लिस्टनेच भारलेला. "मेस्त्री, अमेरिकेवर विलायतेच्या राजाचं राज्य होतं. ते सोडायचं ठरल्यावर लोकांनी कागद केला. आधी लिहिलं, सगळी माणसं सारखी. मग लिहिलं, राज्य चालतं ते लोकांनी हो म्हटलं म्हणून. मग, किरकोळ कारणावरून जुनं राज्य मोडू नये. आणि मग एकाखाली एक पंचवीसेक कारणं! जगाने वाचावीत म्हणून." हात हवेत सरळ, गाडी सुसाट. "भांडून कुणीही जातं हो. कारणं लिहून देऊन जायला माणूस लागतो."

मी म्हटलं, "शाबास त्यांची." मला काय ठाऊक, विलायतेचा राजा मीच ते!

पुढच्या शुक्रवारी नमाजाहून आला तो कोरा कागद घेऊन. मागे बाकीचे तिघे भिंतीला चिकटून उभे.

"मेस्त्री, एक लिहून द्या. मी उर्दू शाळेतला, प्लंबरचं अक्षर त्याला स्वतःला वाचता येत नाही. तुमच्यासारखं अक्षर अख्ख्या खौदमध्ये नाही."

अक्षराची तारीफ केली की मी गेलो. पेन्सिल कानावरून काढली.

"लिहा. आम्ही चौघे या घरातले. सगळी ताटं सारखी."

लिहिलं.

"कारण पहिलं. राजाने फ्रिजला कुलूप लावलं."

माझी पेन्सिल थांबली. "कुठल्या राजाने?"

"तुम्ही लिहा हो."

"हे माझ्याविरुद्ध आहे!"

"मग कुणाविरुद्ध असणार? पण कारण खरं पाहिजे. एक जरी खोटं शिरलं तरी सगळा कागद खलास. खरं-खोटं तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

मी उठून जायला हवं होतं. पण निम्मी ओळ झाली होती, आणि निम्मी ओळ टाकून उठणं माझ्या हाताला जमत नाही. शिवाय मी नसतो तर त्यांनी काय वाट्टेल ते लिहिलं असतं. बसलो. स्वतःविरुद्धचा कागद स्वतः लिहू लागलो आणि ओळीओळीला भांडू लागलो.

"मीठ जास्त पडतं," प्लंबर म्हणाला.

"कधी? दिवस सांग!"

त्याला सांगता येईना. डायवरने करकचून ब्रेक मारला. "खोडा. मीठ खोडा."

"मला नमाजाहून यायला वेळ होतो, आधीच वाढून मोकळे होतात," डायवर स्वतःचं बोलला.

"रमजानआधी एकदा थांबलो होतो!"

"बरोबर. थांबले होते. लिहा, एकदा सोडून."

"सुरमईचं डोकं कायम राजाच्या ताटात," दुकानवाला म्हणाला.

"अरे, डोकं तुम्ही कुणी खात नव्हता!"

"विचारलंत कधी?" हे प्लंबर बोलला. चौदा वर्षांत माझ्यासमोर त्याचा आवाज एवढा कधी निघाला नव्हता. मी लिहिलं.

सगळ्यात शेवटी इलेक्ट्रिशियन बोलला. त्याच्या बायकोने गावाहून मसाला पाठवला होता. मी म्हटलं होतं, असला आपल्यात चालत नाही, आणि वरच्या फळीवर ढकलला होता. त्यात अळ्या झाल्या. ती फोनवर विचारायची, संपला का? आणि हा म्हणायचा, हो, सगळ्यांना आवडला.

त्यावर मी भांडलो नाही. ती ओळ सगळ्यात सुबक आली आहे. आजही बघून घ्या.

सह्यांची वेळ आली तेव्हा चौघेही एकमेकांकडे बघू लागले. पहिली सही करणाऱ्यावर मी डूख धरीन, ही भीती. डायवरने ताट उचललं, कागदावर पालथं घातलं, भोवती पेन्सिल फिरवली आणि त्या गोलावर सगळ्यांनी सह्या केल्या. "आता पहिला कोण ते शोधत बसा मेस्त्री!"

मग म्हणाला, "आता हा राजाला द्यायचा."

"दे की. माझ्याच हातात आहे."

"असं कसं?" माझ्या हातातून कागद काढून घेतला, बाहेर गेला, दार लावलं, टकटक केलं, आत आला आणि वाकून मला दिला. तिघे हसून हसून जमिनीवर लोळायचे बाकी होते.

मी करगोट्याची किल्ली सोडली, ओट्यावर आपटली. "यल्ला, चालवा तुमचं राज्य. मी त्यात जेवणार नाही."

व्हरांड्यात छोटी शेगडी मांडली आणि बावीस दिवस खिचडी खाल्ली. एकट्याने. आत पाळ्या लागल्या. डायवरचा शनिवार. प्लंबरने पहिल्याच दिवशी भात जाळला, तर हसण्याचा असा गडगडाट झाला की शेजारचा ओमानी बाहेर येऊन बघून गेला. माझ्या राज्यात भात कधी जळला नव्हता. असं कुणी हसलंही नव्हतं.

डायवर रोज यायचा. "मेस्त्री, ताट मांडलंय."

"कारण?"

"लिहून आणू?"

मी दार लावून घ्यायचो. आणि दारामागे, खोटं कशाला सांगू, मलाही हसू यायचं.

मग त्याला दूर सोहार शहरात कंपनीच्या बसवर काम लागलं. शुक्रवारी दुपारी निघाला. एक बॅग, एक पाण्याची बाटली. मला म्हणाला, "शनिवार रिकामा झालाय. तो कुणाला द्यायचा ते हे तिघे ठरवतील. तुम्हाला उभं राहायचं असेल तर राहा. इन्शाल्ला निवडून याल." टॅक्सीत मागच्या सीटवर बसला, तरी हात स्टिअरिंगवर. वळणावर टॅक्सीवाल्याच्या आधी यानेच स्टिअरिंग वळवलेलं मी पाहिलं. नंतर तो सोहारहूनच परस्पर श्रीवर्धनला गेला. पुन्हा गाठ पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. आत तिघे चहा पीत होते.

म्हटलं, "शनिवार मला द्याल का?"

इलेक्ट्रिशियन प्लंबरकडे बघायला लागला, प्लंबर दुकानवाल्याकडे. मग प्लंबर म्हणाला, "देऊ. पण भाजी मतांवर ठरणार."

"ठरवा."

हात वर झाले, माझाही. दोन विरुद्ध दोन, मग माझ्या बाजूचा दुकानवाला फुटला. दुधी निवडून आला. मला दुधी बघवत नाही. सोलाणं घेतलं आणि सोलायला बसलो.