अकरातली एक

मक्केच्या मन्सूर गल्लीत फौझिया बरनावीला सगळे ओळखतात ते तिच्या मोजण्यामुळे. लग्नाच्या जेवणाला गेली तरी दारातून आत येणाऱ्या बायका ती बोटांवर मोजते. शेजारची उम्म हानी तिला चिडवते, "अगं, कुणी पळून नाही जात इथून. भात यायचाय अजून!"

वय चोपन्न, अंगाने काटक, आवाज बसच्या भोंग्यासारखा. तिचे पणजोबा नायजेरियातल्या बोर्नूहून पायी निघाले आणि सात वर्षांनी मक्केला पोचले. पोचल्यावर त्यांनी परत जायचं नाव काढलं नाही. आता घरात अरबीच बोलतात, पण आजीच्या मांडीवर वाढल्यामुळे फौझियाला हौसा अस्खलित येते आणि कनुरीही मोडकीतोडकी जमते. नवरा वारल्यावर या भाषांनीच तिला हात दिला. नायजेरियाहून उमऱ्याला येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना सांभाळायचं काम तिने धरलं. मक्केत आठ दिवस, मदिनेत चार. चौदा वर्षं ती हेच करतेय.

तिच्या वडिलांना हे काम मुळीच पसंत नव्हतं. ते स्वतः एके काळी यात्रेकरूंची बस चालवायचे, रबिग, मस्तूरा, बद्र अशा जुन्या रस्त्याने. फौझिया दहा वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर गेली होती. मस्तूराला बस दुपारच्या नमाजासाठी आणि तळलेल्या मासळीसाठी थांबली. पुढे बद्रला पोचल्यावर माणसं मोजली तर एक कमी. कात्सिनाचे मालम बुकार, सत्तरीचे, बसमध्ये नव्हतेच. वडिलांनी तिथल्या तिथे बस वळवली. लोक ओरडत राहिले, वडिलांनी कुणाचं ऐकलं नाही. तीन दिवस शोध चालला. शेवटी एका बकऱ्या चारणाऱ्या बाईला मालम बुकार रस्त्यापासून चार किलोमीटरवर, बाभळीच्या झाडाखाली दिसले. चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवलेल्या होत्या. ते जिवंत नव्हते.

त्याच महिन्यात वडिलांनी बस विकली आणि चुलतभावाच्या कापडाच्या दुकानात जाऊन बसले. मरेपर्यंत त्यांनी मासा खाल्ला नाही.

या सगळ्यामुळे मदिनेला आगगाडीने जायचं असं यात्रा कंपनीने कळवलं, तेव्हा फौझियाचं धाबं दणाणलं. ती ऑफिसात जाऊन भांडली.

"अब्दू ड्रायव्हरच्या बसमध्ये मी ओरडले की अब्दू थांबतो. तुमच्या गाडीत कुणाच्या नावाने ओरडू?"

"खाला, ओरडायची वेळच येत नाही हो," व्यवस्थापक हसत म्हणाला. "बसला सहा तास लागतात, म्हाताऱ्यांच्या कमरा मोडतात. ही सव्वादोन तासांत पोचवते. चहा गार व्हायच्या आत मदिना."

मंगळवारी सकाळी साडेनऊला ती अकरा जणींना घेऊन मक्केच्या रुसैफा स्टेशनवर उभी होती. अकराही जणींच्या डोक्याला नारिंगी रुमाल. रुमालाच्या कोपऱ्यावर तिने आदल्या दिवशी काळ्या शाईने आपला फोन नंबर लिहिला होता. सरकत्या जिन्याजवळ एकदा मोजल्या, फलाटावर एकदा, डब्याच्या दारात एकदा, आणि जागेवर बसवल्यावर आणखी एकदा. अकरा.

गाडी सुटली. हाजिया तलातू म्हणजे कानोची धिप्पाड बाई, बाजारात तीन दुकानं चालवणारी. ती तोंडात गोरोची कडू बी चघळत म्हणाली, "पोरी, हिला निघायला सांग की. किती वेळ बसायचं?"

"निघाली, हाजिया. बाहेर बघा."

तलातूने बाहेर बघितलं आणि समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी गच्च धरली. "अल्ला! डोंगर पळतायत!"

सगळ्या हसल्या. फौझिया हसली नाही. गाडीत आवाज नव्हता आणि धक्काही नव्हता, तेच तिला खात होतं. बसमध्ये रस्ता हाडांना कळायचा, कुठे आलो ते डोळे मिटून सांगता यायचं. इथे दाराच्या वर हिरव्या आकड्यांत वेग दिसत होता आणि तो वाढतच होता.

पलीकडच्या रांगेत खिडकीशी हाजिया यागाना बसली होती. मैदुगुरीच्याही पलीकडच्या एका खेड्यातली, एका कानाने बहिरी, कनुरीशिवाय दुसरी भाषा नाही. बाकीच्या दहा जणी हौसात गप्पा हाणायच्या तेव्हा ही नुसती हसून मान डोलवायची. तिच्यासमोर एक तरुण बाई दोन लहान मुलांना घेऊन बसली होती. धाकटा जेमतेम दीड वर्षाचा. यागाना त्याला बोटं नाचवून दाखवत होती आणि तो खिदळत होता.

जेद्दा जवळ आलं तशी हाजिया असाबेला मळमळायला लागलं. गाडी स्टेशनात शिरताना फौझिया एका हाताने तिचं कपाळ धरून आणि दुसऱ्या हाताने पिशवी तिच्या तोंडाशी लावून वाकून उभी होती. मागे माणसं उतरली, माणसं चढली, बॅगांची चाकं वाजली. असाबे तीनदा ओकली. मग दारं बंद झाल्याचा हलका आवाज आला आणि फलाट मागे सरकायला लागला.

फौझियाने असाबेचं तोंड पुसलं, सरळ उभी राहिली आणि मोजलं. दहा.

पुन्हा मोजलं, या वेळी बोटाने एकेक रुमाल दाखवत. दहा. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर यागानाची कापडी पिशवी तशीच पडलेली होती.

ती संडासाकडे धावली. दार उघडं, आत कुणी नाही. पुढचा डबा बघितला, मागचा बघितला. मग धावतच परत आली.

"हाजिया यागाना कुठेय? कुणी बघितली?"

"इथेच तर होती," एक जण म्हणाली.

"मला वाटलं मुतायला गेली असेल," दुसरी म्हणाली.

तलातूने कपाळावर हात मारला. "उतरली असणार ती! फलाट दिसला, मदिना आली वाटलं, उतरली! हिला मी कालच म्हटलं होतं, माझा पदर धरून चाल. पण ऐकू येईल तर ना!"

डब्यात फिरणारी गणवेशातली मुलगी धावत आली. शहद नाव तिचं, वय पंचविशीचं. फौझियाने तिचा दंडच पकडला.

"गाडी थांबव. माझी म्हातारी जेद्दाला राहिली."

"खाला, अशी मध्येच थांबवता येत नाही."

"मग मागे घ्या!"

"खाला, बसा आधी. नाव सांगा, कपडे कसे आहेत ते सांगा. मी आत्ता स्टेशनला कळवते. पंधरा मिनिटांत विमानतळाचं स्टेशन येईल."

शहद फोनवर बोलत पुढे गेली. फौझियाने आपला फोन काढला. कंपनीचं ऑफिस लावलं, मग व्यवस्थापक, मग जेद्दात राहणारा भाचा, मग पुन्हा ऑफिस. भाच्याला म्हणाली, असशील तसा निघ. तो म्हणाला, मी ताइफला आलोय, मावशी. तिने फोन कापला आणि दुसरा लावला. डोळ्यांसमोर मात्र सारखं स्टेशनाबाहेरचं दिसत होतं. आठ पदरी रस्ता, ऊन, आणि त्यात एक नारिंगी रुमाल, जिला कुणाची भाषा कळत नाही अशी एक बाई, कुठे तरी चालत सुटलेली. यागानाचा पासपोर्टही फौझियाच्याच थैलीत होता.

विमानतळाचं स्टेशन आलं. दार उघडलं. फौझिया दारात जाऊन उभी राहिली.

उतरले तर तासाभरात जेद्दाच्या फलाटावर पोचता येईल. आणि या दहा? मदिनेला यांना कोण उतरवणार? असाबे धड उभीसुद्धा राहत नव्हती. दोघींना दुपारच्या जेवणाआधी साखरेची सुई टोचायची होती. वडिलांनी बस वळवली तेव्हा सगळी माणसं त्यांच्याबरोबर वळली होती. फौझियाला तसं वळता येत नव्हतं. एकीसाठी दहा सोडायच्या, नाही तर दहांसाठी एक.

तिने एक पाय फलाटावर टाकला.

"जातेस?" मागून तलातूचा आवाज आला. नेहमीचा दरारा त्यात नव्हता. फौझियाने वळून बघितलं. दहाही जणी माना वळवून तिच्याकडे बघत होत्या, आणि तिला पहिल्यांदा जाणवलं की तीन दुकानं चालवणारी ही बाईसुद्धा घाबरलीय.

तिने पाय आत घेतला. दार बंद झालं.

त्यानंतरची वीस मिनिटं फौझिया आजही सांगत नाही, विचारलं तर विषय बदलते. शहर संपलं, डाव्या हाताला समुद्राची निळी रेघ येऊन गेली, मग नुसती वाळू आणि विजेचे खांब. दाराच्या वरचा आकडा तीनशेवर जाऊन थांबला. तीनशे म्हणजे मिनिटाला पाच किलोमीटर. ती हिशोब करत राहिली. आत्ता यागानापासून पन्नास. आत्ता पंचावन्न. आत्ता साठ. मालम बुकार रस्त्यापासून फक्त चार किलोमीटरवर होते.

मधल्या वेळात ती फोन लावतच होती. पोलिसांना लावला, त्यांनी नाव लिहून घेतलं. ऑफिसला पाचव्यांदा लावला. मदिनेच्या हॉटेलला लावला, तो का लावला ते तिचं तिलाच कळेना. शहद येऊन सांगून गेली की स्टेशनवरची माणसं शोधतायत, अजून काही कळलं नाही. "अजून काही कळलं नाही" हे ऐकून फौझियाने पुन्हा ऑफिसचा नंबर दाबला.

"ठेव तो फोन खाली," तलातू म्हणाली.

"हाजिया, तुम्ही गप्प बसा जरा."

"मी नाही गप्प बसणार! मघापासून बघतेय. तूच सारखी बोलतेयस. तुझा नंबर आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर लिहिलाय ना? मग ज्याला ती सापडेल तो तुला फोन लावेल की नाही? आणि तू लागू देशील तर लागेल ना, बाई! माझ्या दुकानातली पोरगी अशी फोन अडवून बसली असती तर मी तिला हाकललं असतं!"

फौझियाने फोन मांडीवर ठेवला. दीडेक मिनिटात तो वाजला. अनोळखी नंबर.

"अहो, किती वेळ लावतेय मी! सारखा गुंतलेलाच!" पलीकडची बाई धापा टाकत बोलत होती. "ती आजी तुमची ना, नारिंगी रुमालवाली? माझ्याजवळ आहे. मी गाडीत तुमच्या पलीकडेच बसले होते, दोन मुलांना घेऊन. खुलूद माझं नाव."

फौझिया उठून उभीच राहिली.

"चूक माझीच आहे, खाला. एका हातात बॅग, दुसऱ्या हाताला मोठा, आणि धाकटा रडत बसला. आजी त्याला उचलून माझ्यामागोमाग फलाटावर उतरल्या. मी वळून त्याला घेईपर्यंत दार बंद. मीही घाबरले, स्टेशनभर त्यांना घेऊन माणूस शोधत होते, मग रुमालावर नंबर दिसला."

"कशी आहे ती? रडतेय?"

"रडतायत कसल्या! खजूर भरलेलं मामूल खातायत. धाकट्याला मांडीवर घेतलंय, द्यायलाच तयार नाहीत."

"तिच्या चांगल्या कानाशी धर फोन. उजव्या," फौझिया म्हणाली, आणि तिला येत होती तेवढी सगळी कनुरी तिने एका दमात ओतली. बस. हलू नकोस. मी आहे. पलीकडून यागाना शांतपणे काहीतरी बोलली. फौझियाला त्यातलं निम्मं कळलं: मूल, दार, आणि "तू जेवलीस का".

तिने फोन ठेवला, पदर तोंडावर ओढला आणि हुंदके देऊन रडली. तलातू उठली, डुलत डुलत आली आणि तिच्या शेजारी धपकन बसली. कमरेच्या पुरचुंडीतून गोरोचा एक तुकडा काढून तिच्या हातात ठेवला.

पण जिवाला घोर होताच. स्टेशनवरच्या कर्मचारी बाईने यागानाला पुढच्या गाडीत बसवून दिलं आणि त्या गाडीतल्या माणसांच्या ताब्यात दिलं, असं शहदने येऊन सांगितलं. पण ती गाडीसुद्धा दोनदा थांबणार होती, आणि दोन्ही ठिकाणी दारं उघडणार होती. कुठे कुणाचं मूल रडलं तर?

मदिनेला दहा जणी उतरल्या. हॉटेलची गाडी बाहेर उभी होती. फौझिया म्हणाली, "तुम्ही जा, मी तिला घेऊन येते."

"आम्ही नाही जाणार," असाबे म्हणाली. अजून तिचा चेहरा पांढराफटक होता.

"अहो, तुम्हाला आडवं व्हायला हवं."

"इथे होते आडवी," म्हणून ती बाकावर खरंच आडवी झाली. सुया तिथेच टोचल्या, खजूर तिथेच वाटले. कुणी हॉटेलात गेलं नाही.

गाडी एक तास दहा मिनिटांनी आली. माणसांचा लोंढा उतरला. फौझिया टाचा उंच करून बघत होती. लोंढा ओसरला, फलाट रिकामा व्हायला आला, तरी नारिंगी रुमाल नाही. मग शेवटच्या डब्यातून एक गणवेशातला तरुण खाली आला आणि त्याने हात वर केला. त्याच्या दुसऱ्या हाताला धरून यागाना सावकाश उतरली. एका हातात मामूलचा पुडा होता, खुलूदच्या धाकट्याने ओढून ओढून रुमाल पार मागे सरकवला होता.

ती सरळ फौझियासमोर येऊन उभी राहिली आणि रागाने बोलायला लागली. फौझियाने ऐकून घेतलं. मग तिला हसू आवरेना.

"काय म्हणतेय ती?" तलातूने विचारलं.

"म्हणतेय, मी पोराला खाली देऊन वळले तर तुम्ही सगळ्या गायब. एवढ्या मोठ्या बायका, एकीला तरी थांबायची अक्कल नको? म्हणतेय, तुम्हाला शोधत मी इथवर आले."

तलातू इतकी हसली की तिला बाकाचा आधार घ्यावा लागला. यागानाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिने पुडा उघडला आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक मामूल ठेवत गेली.

त्याच दौऱ्याच्या परतीला फौझियाने पुन्हा गाडीच धरली. व्यवस्थापकाने भीत भीत विचारलं होतं, बस सांगू का. ती नको म्हणाली. वळवलेल्या बसला मालम बुकार मिळाले नव्हते, आणि मागच्या गाडीने यागाना आणून दिली होती. आता ती गाडीत आपल्या जागेवर बसत नाही. जेद्दा जवळ आलं की दाराशी जाऊन दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहते, आणि उतरणाऱ्या माणसांना तिच्या कोपराखालून वाकून जावं लागतं. लोक कुरकुरतात. शहद त्या डब्यात असली तर लांबूनच म्हणते, "खाला, अहो, दार सोडा." फौझिया दार सोडत नाही.